शतक झालं, पुढे काय?

विराट कोहली गहुंजेच्या मैदानावर तीन कसोटी सामने खेळला. पाच डावांतल्या त्याच्या धावा अशा: ०, १३, नाबाद २५४, १ आणि १७. पहिले दोन आकडे फेब्रुवारी २०१७ चे. त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी, १५ जानेवारीला, याच मैदानावर त्याने इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात १२२ धावा केल्या होत्या. अडीचशेचा डाव ऑक्टोबर २०१९ मधला, दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा. त्याच्या कसोटी कारकिर्दीतला सर्वांत मोठा. शेवटचे दोन आकडे ऑक्टोबर २०२४ चे, आणि त्यातल्या एका धावेवर त्याचा त्रिफळा उडाला तो मिचेल सँटनरच्या फुलटॉसवर. पुढच्या मे महिन्यात त्याने कसोटी सोडली.

यात खेळपट्टीचा वाटा किती? २०१७ च्या कसोटीत भारताचे दोन डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीपटूने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ असे बारा बळी घेतले आणि सामना तीन दिवसांत संपला. आयसीसीने त्या खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला. दोन वर्षांनी तिथेच भारताने ५ बाद ६०१ वर डाव घोषित केला. कोहलीला हे दोन्ही दिवस दिसले, कारण संघातली त्याची जागा पक्की होती. शून्यावर बाद झाला तरी पुढच्या सामन्यात तो खेळणारच होता. ज्याची जागा पक्की नाही, त्याने त्या खेळपट्टीवर ०, १३ केले असते तर?

हा लेख त्या दुसऱ्या फलंदाजाविषयी आहे. गहुंजे हे गाव मावळ तालुक्यातलं. द्रुतगती मार्गाच्या कडेला महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने बांधलेलं, साधारण ३७ हजार प्रेक्षकांचं हे मैदान एप्रिल २०१२ मध्ये खुलं झालं. तेव्हापासून महाराष्ट्राच्या फलंदाजांचं भलंबुरं इथे जवळून पाहायला मिळतं. एखादा मागे पडला की ‘फॉर्म गेला’ म्हणून आपण मोकळे होतो. इथल्या कारकिर्दी ओळीने मांडल्या तर वेगळंच दिसतं. फलंदाजाला वर-खाली करण्यात वरच्या संघातली रिकामी जागा, ती रिकामी होण्याची वेळ आणि त्या वेळी त्याचं शरीर धड असणं, या तिन्हींचा हात त्याच्या बॅटइतकाच, कधी जास्तच असतो. धावा लागतातच. पण धावा म्हणजे परीक्षा पास झाल्याचा दाखला. नोकरी त्याने मिळतेच असं नाही.

ही गोष्ट आजची नव्हे. प्रा. दि. ब. देवधर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि महाराष्ट्राचं कर्णधारपद सांभाळत. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांनी रणजी करंडक आणला. त्यानंतर महाराष्ट्राने तो जिंकलेला नाही. पन्नाशी उलटल्यावरही त्यांनी रणजीच्या एका सामन्यात दोन्ही डावांत शतकं काढली. पण भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये, तेव्हा देवधर चाळिशीला आले होते. कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाही.

भाऊसाहेब निंबाळकरांचं उदाहरण तर चटका लावणारं. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, समोर काठियावाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब. आपल्या संघाचं नाव अशा विक्रमात यायला नको म्हणून त्यांनी सांगितलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणि ते खरोखर निघाले. एवढा डाव खेळून निंबाळकर भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. हजारे, मोदी, अधिकारी अशी मधली फळी भरलेली असताना चारशे धावांनीही दार उघडलं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले. त्या वेळी गहुंजेचं मैदान सुरू होऊन आठ महिने झाले होते.

सुरेंद्र भावे पुढच्या पिढीतले. प्रथम श्रेणीत आठ हजारांच्या आसपास धावा, सरासरी ५८ च्या पुढे. ही सरासरी कसोटी खेळलेल्या कित्येकांकडे नाही. भावेंना भारताकडून बोलावणं आलं नाही. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर मात्र गेले. ज्या दारातून आत जाता आलं नाही, त्याच दारावर पहारा करायची वेळ त्यांच्यावर आली.

हेमंत कानिटकर आणि त्यांचा मुलगा हृषीकेश यांना दार किलकिलं झालं. हेमंत १९७४ मध्ये बंगळुरूला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटी डावात ६५ धावा करून गेले आणि दुसऱ्या कसोटीनंतर संपले. हृषीकेश म्हटलं की आजही एकच चेंडू आठवतो: १८ जानेवारी १९९८, ढाका, पाकिस्तानविरुद्ध ३१५ चा पाठलाग, दोन चेंडूंत तीन धावा हव्यात आणि सकलेनला मारलेला तो चौकार. एका फटक्याने माणूस घराघरांत पोचला, पण मोजून दोन कसोटी आणि ३४ एकदिवसीय सामने. मला त्याची कारकीर्द आवडते ती त्यापुढची. भारताच्या संघातून कायमचा बाहेर पडल्यावर त्याने राजस्थानचं नेतृत्व घेतलं आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या त्या संघाला २०१०-११ आणि २०११-१२ अशी दोन रणजी विजेतेपदं मिळवून दिली. नंतर तो १९ वर्षांखालील भारतीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि २०२२ चा विश्वचषक त्या पोरांनी जिंकला. क्रिकेटमधली उतरण म्हणजे शेवट असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे पाहावं.

आता गहुंजेच्या खऱ्या नायकाकडे येऊ. केदार जाधव पुण्याचा, वीज मंडळातल्या कारकुनाचा मुलगा, टेनिस बॉलवर हात बसलेला. रणजीत तो २००७ मध्ये आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये गहुंजेलाच उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा केल्या. २०१३-१४ च्या मोसमात १२२३ धावा, सहा शतकं, देशात सर्वांत जास्त. महाराष्ट्र अंतिम फेरीत गेला आणि हैदराबादला कर्नाटकाकडून हरला. एवढं करून भारतासाठी पहिला एकदिवसीय सामना मिळाला नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. त्या वयात बहुतेक जण जागा पक्की करून बसलेले असतात.

मग सुरुवातीला सांगितलेली ती जानेवारी २०१७ ची संध्याकाळ. इंग्लंडने ३५० केल्या होत्या. भारत ४ बाद ६३ आणि बारा षटकंही पूर्ण झालेली नाहीत. धवन, राहुल, युवराज, धोनी सगळे तंबूत. केदार आला तेव्हा गॅलरीत त्याचे आईवडील बसलेले. समोर कोहली, आणि तरी काही षटकांतच धावांचा वेग केदारचाच जास्त. ६५ चेंडूंत शतक, ७६ चेंडूंत १२०. शेवटी पायात गोळे येऊ लागले, पळता येईना, म्हणून तो उभ्या उभ्या मारत राहिला. पाचव्या विकेटसाठी दोनशेची भागीदारी झाली, भारत तीन विकेट राखून जिंकला. आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर असा डाव किती जणांच्या वाट्याला येतो?

त्या डावामागचं गणित पाहा. केदार तेव्हा एकतीस वर्षांचा होता. सहाव्या क्रमांकावर येऊन मारणारा, शिवाय बुटक्या बांध्याचा उपयोग करून कमरेखालून चेंडू सोडत विकेट काढणारा, असा माणूस संघाला नेमका त्याच वेळी हवा होता. जागा रिकामी होती, तो तिच्यात बसला. मग मांडीचे स्नायू आडवे आले. एप्रिल २०१८ मध्ये चेन्नई सुपर किंग्जने ७ कोटी ८० लाखांना घेतलेला केदार पहिल्याच सामन्यात वानखेडेवर जखमी होऊन आत गेला, नऊ बाद झाल्यावर लंगडत परत आला, शेवटच्या षटकात षटकार-चौकार मारून सामना जिंकून दिला आणि पूर्ण मोसमाला मुकला. गंमत अशी की कावेरी पाणीवादामुळे चेन्नईचे घरचे सामने त्याच वर्षी गहुंजेला हलवले गेले. पिवळा संघ केदारच्या घरी आला, आणि घरचा मालक उपचार घेत होता. सप्टेंबरमध्ये आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच: स्नायू दुखावलेला, बाहेर जाऊन परत आलेला, शेवटच्या चेंडूवर लेगबाय.

२०१९ चा विश्वचषक संपला तेव्हा चौतिशीतल्या माणसासाठी कोणी थांबणार नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये ऑकलंडला भारताकडून शेवटचा सामना. ७३ एकदिवसीय सामने, १३८९ धावा, सरासरी ४२, स्ट्राइक रेट शंभराच्या वर. हे आकडे अपयशाचे नाहीत. आयपीएलमध्ये २०२० साली आठ सामन्यांत ६२ धावा झाल्या आणि समाजमाध्यमांवर त्याची जी टिंगल झाली तिने ही सरासरी झाकून टाकली. तरी जानेवारी २०२३ मध्ये, अडतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने रणजीत आसामविरुद्ध २८३ चेंडूंत २८३ केल्या. जून २०२४ मध्ये एका छोट्या पोस्टने त्याने क्रिकेट सोडलं.

ऋतुराज गायकवाडची गोष्ट अजून चालू आहे, म्हणून तिच्यावर निकाल देणं घाईचं. तो पिंपरी-चिंचवडचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. केदारला जागा उशिरा मिळाली. ऋतुराज वेळेवर आला, पण जागेपाशी पोचला की काहीतरी मोडतं, अशी त्याची तऱ्हा. २०१६ मध्ये रणजी पदार्पणातच वरुण ॲरनचा चेंडू बोटावर बसला. २०२० च्या आयपीएलआधी दुबईत कोविड. बरा होऊन उतरला तर ०, ५, ०. धोनीने तरुणांमध्ये ठिणगी दिसली नाही असं जाहीर बोलून दाखवलं. पुढच्या तीन डावांत तीन अर्धशतकं. २०२१ मध्ये ६३५ धावा आणि ऑरेंज कॅप, दुसऱ्या क्रमांकावरच्या डु प्लेसीपेक्षा फक्त दोन धावा जास्त.

त्याच वर्षअखेरीस विजय हजारे स्पर्धेत पाच सामन्यांत चार शतकांसह ६०३ धावा, आणि एवढं करून महाराष्ट्र बाद फेरीत गेलाच नाही. पुढच्या वर्षी अहमदाबादला उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद २२०. एका षटकात, नोबॉल धरून, सात षटकार. मग उपांत्य फेरीत १६८ आणि अंतिम फेरीत १०८. तोही सामना महाराष्ट्र हरला. इतक्या धावा काढणाऱ्या माणसाला भारताच्या एकदिवसीय संघात सलामी मिळणार कशी, तिथे रोहित आणि गिल असताना? त्यामागे जयस्वाल उभा. टी-ट्वेंटीत अभिषेक शर्मा येऊन बसला. २०२३ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या कसोटी दौऱ्यात नाव आलं, तर बोट दुखावून घरी. जुलै २०२४ मध्ये झिम्बाब्वेत नाबाद ७७ आणि ४९ केल्यावर पुढच्या श्रीलंका दौऱ्यातून वगळलं. २०२५ मध्ये चेन्नईचा कर्णधार असताना तुषार देशपांडेच्या चेंडूवर कोपर मोडलं आणि मोसम गेला.

३ डिसेंबर २०२५, रायपूर. गिल आणि श्रेयस अय्यर दोघेही जखमी, म्हणून ऋतुराजला चौथ्या क्रमांकावर जागा. सलामीच्या माणसाने मधल्या फळीत ८३ चेंडूंत १०५ केल्या, कोहलीबरोबर १९५ ची भागीदारी. पहिलं एकदिवसीय शतक. जखमी परतले आणि न्यूझीलंडविरुद्धच्या पुढच्या मालिकेसाठी ऋतुराजचं नाव यादीत नव्हतं. शतकाने जागा तयार होत नाही, हे इतक्या स्वच्छ रीतीने दाखवणारं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. यात निवड समितीला शिव्या घालून भागणार नाही. गिल कर्णधार, अय्यर चौथ्या क्रमांकाचा कसलेला माणूस. त्यांच्याऐवजी कोणाला काढायचं, याचं उत्तर ऋतुराजच्या चाहत्यांकडेही नाही. कसोटीची टोपी अजून मिळायची आहे.

राहुल त्रिपाठीचे चढउतार रुपयांतच मोजता येतात. लष्करी कुटुंबातला हा मुलगा महाराष्ट्राकडून खेळतो. २०१७ मध्ये पुण्याच्या आयपीएल संघाने त्याला १० लाखांना घेतलं. त्याने ३९१ धावा केल्या, त्यात कोलकात्याविरुद्धचे ५२ चेंडूंतले ९३. पुढे त्याची बोली अशी लागत गेली: ३ कोटी ४० लाख, ६० लाख, साडेआठ कोटी, पुन्हा ३ कोटी ४० लाख, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ७५ लाख. शेअर बाजारातल्या माणसालाही घेरी यावी. भारताकडून त्याने पदार्पण केलं तेही गहुंजेला, ५ जानेवारी २०२३ रोजी श्रीलंकेविरुद्ध, संजू सॅमसन जखमी झाल्यामुळे. वय एकतीस. पाच चेंडूंत पाच धावा. एकूण पाच सामने खेळून ते पान मिटलं.

पैशाचा विषय निघालाच आहे तर बीसीसीआयचे दर सांगून टाकतो. २०२१-२२ पासून रणजीत चाळीसहून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, एकवीस ते चाळीस सामन्यांवाल्याला ५० हजार, त्याखालच्याला ४० हजार. राखीव खेळाडूला निम्मे. साखळीचे सात सामने, प्रत्येकी चार दिवस. म्हणजे नवा मुलगा सगळे सामने खेळला तर रणजी साखळीचे ११ लाख २० हजार होतात, आणि तो बाकावर बसला तर त्याच्या अर्धे. निंबाळकर-भावेंच्या काळाशी तुलना केली तर ही चैनच. पण आयपीएलच्या लिलावात सर्वांत कमी बोली ३० लाखांची आहे. रणजीत चार तास चेंडू सोडत उभं राहण्याची कला बाजारात अशी स्वस्त झाली, याची मला खंत वाटते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाने मात्र हिशेब केला तर त्याला दोष कसा द्यायचा?

अंकित बावणे हा त्या जुन्या कलेचा माणूस. पैठणचा, पंधराव्या वर्षी रणजी खेळलेला. १९ वर्षांखालील भारताचं कर्णधारपद जाहीर होऊन जन्मतारखेच्या कागदांतल्या घोळामुळे हातचं गेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध त्याने आणि स्वप्निल गुगळेने तिसऱ्या विकेटसाठी नाबाद ५९४ जोडल्या. गुगळे ३५१, बावणे २५८, दोघेही नाबाद. दोघांपैकी कोणीही भारताकडून खेळलं नाही. त्याच सामन्यात समोरून त्रिशतक काढणारा ऋषभ पंत तीन-चार महिन्यांत भारतीय संघात होता.

आणि उलट्या दिशेने आलेला एक पाहुणा. पृथ्वी शॉ २०१८ मध्ये पदार्पणाच्या कसोटीत शतक करून आला. उत्तेजक चाचणीत सापडून आठ महिन्यांची बंदी, ॲडलेडच्या कसोटीतलं अपयश, तंदुरुस्तीवरून तक्रारी. जानेवारी २०२३ मध्ये त्याने आसामविरुद्ध ३७९ केल्या. बिचाऱ्या आसामने त्या एकाच महिन्यात केदारचे २८३ आणि हे ३७९ दोन्ही सोसले. तरी २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळला गेला आणि लिलावात कोणी घेतला नाही. २०२५ मध्ये तो महाराष्ट्रात आला, पहिल्या रणजी डावात भोपळा, पुढच्याच सामन्यात चंदीगडविरुद्ध २२२. वर सांगितलेल्या सगळ्यांत शॉ एकटाच असा, ज्याची जागा दुसऱ्या कोणी घेतली नाही. ती त्यानेच सोडली. म्हणून त्याची उतरण मला या लेखात अपवाद वाटते.

करुण नायर दुसरं टोक. कसोटीत नाबाद ३०३ करून वगळला गेलेला, २०२२ मध्ये ‘क्रिकेटा, आणखी एक संधी दे’ अशा अर्थाची पोस्ट टाकणारा. २०२४-२५ च्या विजय हजारे स्पर्धेत त्याने विदर्भाकडून ७७९ धावा केल्या, उपांत्य फेरीत महाराष्ट्राच्या गोलंदाजांनाही धुतलं, आणि आठ वर्षांनी कसोटी संघात परतला. इंग्लंडचा एक दौरा झाला आणि पुन्हा बाहेर.

हे सगळं मावळातल्या पोराला काय सांगतं? दिवाळीनंतर कामशेत, वडगाव, तळेगाव पट्ट्यात टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. भाताची खाचरं वाळली की मैदान तयार. लेदर बॉलची गोष्ट वेगळी. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथे टर्फची खेळपट्टी राखणं सोपं नाही. गहुंजेही त्याच तालुक्यात, तिथे जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग भरवली की पाऊस हजर. पहिल्याच वर्षी, २०२३ मध्ये, अंतिम सामना पावसात गेला आणि गुणतक्त्यात वर असल्यामुळे रत्नागिरी जेट्सला विजेतेपद मिळालं. लेदर बॉलवर शिकायचं तर किटची बॅग घेऊन लोणावळा-पुणे लोकल पकडायची, चिंचवडला नाहीतर शिवाजीनगरला उतरायचं. परतताना अंधार पडतो. केदार टेनिस बॉलवरून आला खरा, पण तो पुण्यात राहत होता. संध्याकाळचे नेट्स त्याच्या दारात होते.

मावळातल्या पालकांना म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पोरगा गावच्या चषकात मालिकावीर झाला म्हणून त्याची शाळा सोडवू नका. ऋतुराजच्या घरात आई शिक्षिका होती, वडील संरक्षण संशोधन संस्थेत नोकरीला होते, आणि त्या स्थिर घरामुळेच त्याला अपयशाचे मोसम परवडले. आणि गहुंजेला आयपीएल होती तेव्हा तिकीट काढत होतात, तसं रणजीच्या सामन्यालाही त्याला एक दिवस घेऊन जा. तिकडे तिकिटासाठी रांग लागत नाही, ढोलही वाजत नाही. तिथे त्याला तिशीतला एखादा फलंदाज दिसेल, ज्याच्या नावावर पंधरा-वीस शतकं आहेत आणि ज्याला रस्त्यावर कोणी ओळखत नाही. तो कसा खेळतो, बाद झाल्यावर कसा परत जातो, हे पोराला पाहू द्या. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला एवढंच सांगणं आहे: ज्या तालुक्यात तुमचं मैदान उभं आहे, त्या तालुक्यातल्या मुलांसाठी तळेगाव-वडगाव भागात वर्षाचे आठ महिने चालतील अशा दोन टर्फ खेळपट्ट्या तरी करा.